खतावणी

शिवरात्र झाली. थंडी शिवशिव म्हणत गेली म्हणतात,
पण हिरण्यकेशीच्या काठाला ती अजून रेंगाळते,
पहाटे मठाच्या पायरीवर अनवाणी पाऊल टेकलं
की कळतं.

ऊस गेला. पाचट जाळून झालं.
खालच्या पट्टीत तीन रात्री मेंढरं बसवली.
मी कीर्दीत लिहिलं:
सिदाप्पा लगमा बन्ने, मेंढरं दोनशे दहा,
बदल्यात शाळू दोन पोती, गूळ, चहापूड.
खत किती पडलं
ते लिहायला रकाना नाही.

पहिल्याच रात्री सात व्याल्या.
वाघरीच्या जाळीआड बॅटरीचा उजेड हिंडत होता,
सिदाप्पाची आई निंगव्वा
कोपरापर्यंत ओली,
तोंडात तंबाखू, मांडीवर एका मेंढीचं डोकं.
आत रुद्र चाललेला, बाहेर हंबरणं.
दोन्ही आवाज एकाच दगडी भिंतीला
दोन बाजूंनी पाठ लावून बसलेले.

स्वामीजी पूजा सोडून उठले नाहीत.
पुरी केली, पण रोजच्यापेक्षा भरभर.
एकवीस वर्षं त्यांच्या घंटेवर चहा ठेवतो मी,
एवढं मला कळतं.

खडावा हातात घेऊन उतरले ते ढेकळांतून.
नुकतंच पडलेलं एक कोकरू, काळं,
एक कान तेवढा पांढरा,
पाय कुठं ठेवायचे त्याचा अंदाज नसलेलं.
त्यांनी ते उचललं, कफनीत घेतलं, पुसलं,
आणि सवयीनं
तीन बोटं विभूती ओढली त्याच्या कपाळावर.
हसले. पडका दात दिसला.
मठात तो सहसा दिसत नाही.

खाली ठेवलं तर मेंढीनं हुंगलं,
आणि धडक दिली.
पुन्हा ठेवलं. पुन्हा.
तिसऱ्यांदा ते सरीत जाऊन पडलं.

निंगव्वा रागावली नाही. थुंकली, मग म्हणाली,
"अप्पाजी, तुमचा वास लागला की ओ त्येला.
आई डोळ्यानं वळखत न्हाई. नाकानं वळखती."

स्वामीजींचा हात हवेतच राहिला.

मला आठवलं ते पट्टाधिकाराचं वर्ष.
नऊ वर्षांचं पोर मठाला दिलेलं,
ते एकोणिसाव्या वर्षी गादीवर बसलेलं.
संकेश्वरच्या बसनं एक बाई आली,
रांगेत उभी राहिली सगळ्यांसारखी.
दोन केळी, दहा रुपये,
शरणार्थी अप्पाजी म्हणून डोकं टेकलं पायावर.
उठताना, पाया पडलेला हात
तिनं नाकाशी नेला.
बराच वेळ धरला.
मी दहाची पावती फाडली.
नाव विचारलं तेव्हा तिनं फक्त गाव सांगितलं.

निंगव्वानं चुलीवरचं कोमट पाणी मागितलं.
कपाळ धुतलं कोकराचं, कान धुतले,
मग त्याच मेंढीचा चीक काढून
चोळला शेपटीपासून मानेपर्यंत,
वरून मीठ.
घरात पोराला न्हाऊ घालावं तशी
काहीबाही पुटपुटत होती, निम्मं कानडीत.

"वारा कुठनं हाय?" स्वामीजींनी विचारलं.
मी गावाकडं बोट केलं.
तसे ते लांब गेले, पार बांधापल्याड,
वाऱ्याच्या खालच्या अंगाला,
हात पाठीमागं बांधून उभे राहिले
एखाद्या पाव्हण्यासारखे.

मेंढीनं हुंगलं.
मान फिरवली. पुन्हा हुंगलं.
मग मीठ लागलं असेल जिभेला, किंवा दुसरं काही,
चाटायला लागली.
कोकरानं कासेला दोन ढुशा दिल्या,
शेपूट थरथरलं.
निंगव्वा म्हणाली, "हां."
बांधापल्याडून कुणी काही विचारलं नाही.

चौथ्या दिवशी कळप आजऱ्याच्या वाटेला लागला.
नदीच्या वळणावर सावर लालभडक,
पान एक नाही अंगावर.
धुळीत शेवटपर्यंत एक पांढरा कान शोधत
मीही उभा होतो, कबूल करतो.

रात्री जेवताना स्वामीजींनी विचारलं,
संकेश्वरची बस अजून साडेनवालाच का?
हो म्हटलं मी.
त्यांनी ताकाची वाटी पालथी घातली,
हात धुतला,
आणि पुसायच्या आधी
क्षणभर नाकाशी धरला.