विस्तव

गावाने एलिफलेटला 'नाही' देऊन धाडलं होतं.
प्रार्थनाघरात, पाय आपटत, तोंडातून वाफा सोडत
सत्तेचाळीस पुरुषांनी हात वर करून ठरवलेलं 'नाही',
झेडॉक थ्रॉलच्या ठसठशीत अक्षरात:
नव्या घटनेला होकार देऊ नये.
एक राजा घालवला
तो काय फिलाडेल्फियाहून दुसरा मागवायला?

मीच तो कागद कोटाच्या अस्तरात शिवला.
मला मत नव्हतं. सुई होती.

फेब्रुवारी निम्मा सरल्यावर तो बोस्टनहून परतला,
घोडी लंगडत होती.
कोट काढायच्या आधीच म्हणाला, "मी 'हो' म्हणालो."
अस्तर चाचपलं. माझे टाके तसेच होते.

का, ते त्याने गावाला धड सांगितलंच नाही.
मला सांगितलं, मेणबत्ती विझवल्यावर:
खानावळीत त्याच्याच बिछान्यात निजलेला एक शिपाई,
ऱ्होड आयलंडात भरती झालेला,
न्यू जर्सीत पाय गमावलेला,
पेन्शनसाठी तीन राज्यांचे उंबरठे झिजवून आलेला.
जो तो म्हणे, तू आमचा नव्हेस, त्यांचा.
"रात्रभर नसलेला पाय खाजवत होता, थँकफुल.
दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात,
हा तर तेरा घरचा."

मी म्हटलं, झेडॉकचंही खोटं नाही.
उद्या तुझं ते मोठं सरकार कर मागत येईल,
त्याला आपलं दार तरी ओळखू येईल का?
तो कुशीवर वळला.

मग रविवारी बाकावर आम्ही दोघंच.
गिरणीत आमचं दळण शेवटी.
वीस वर्षं एकाच करवतीची दोन टोकं धरून
ओंडके कापणारे झेडॉक आणि एलिफलेट,
त्यांच्यातून आता विस्तव जात नव्हता.

मार्चमध्ये हिमवादळ आलं, तीन दिवस.
चौथ्या पहाटे दारावर थाप.
झेडॉक. भुवयांवर बर्फ, हातात लोखंडी भांडं.
चूल विझली होती त्यांची,
आणि सुनेला कळा सुरू झालेल्या.

एलिफलेट उठला. चिमट्याने राख सारली,
ओकचे निखारे निवडून निवडून काढले,
आमच्यासाठी बारके ठेवले.

झेडॉक म्हणाला, "तरी तू चुकलासच."

"झाकण घट्ट लाव," एलिफलेट म्हणाला,
"बाहेर वारा आहे."