भोक क्रमांक एक्केचाळीस

रिक्लूज नावाच्या गावाला एक पोस्ट ऑफिस आहे,
आणि त्याच्या पायरीवरच गाव संपतं.
तिथून अकरा मैलांवर, वायोमिंगच्या वाऱ्यात,
करड्या सेजच्या झुडपांतून मी चालते आहे
सत्त्याहत्तर सालचा नकाशा छातीशी धरून.
नकाशावर फुल्या.

कोळसा किती खोल, थर किती जाड
एवढंच विचारायला आली होती माणसं.
उत्तर घेऊन गेली.
प्रश्न इथेच उघडा राहिला,
चार इंच रुंद, तीनशे दहा फूट खोल.

व्हर्लिन हॉगेन ट्रकमधून आधी काठी उतरवतो, मग स्वतः उतरतो.
ड्रिलवर होता तेव्हा बाविशीचा.
कागदावर एक्केचाळीसपुढे लिहिलंय: बुजवले.
खाली सही त्याची.

दोन फूट माती काढली,
तर खाली सेजचं एक वाळकं खोड आडवं कोंबलेलं,
त्याच्यावर फाटकं पोतं,
आणि त्याच्याखाली
काहीच नाही.
मी फीत सोडली. सोडत राहिले.
एकशे बेचाळीस फुटांवर पाण्याचा आवाज आला,
शेजघरात कुणी कूस बदलावी तसा.

वरच्या वाळूतलं गोडं पाणी
अठ्ठेचाळीस वर्षं या वाटेने कोळशात उतरत होतं,
आणि टेकडीपलीकडे आर्डिस क्रेचमारची पवनचक्की
रिकाम्या जात्यासारखी घरघरत होती.

'फुटावर पैसे मिळायचे,' व्हर्लिन म्हणाला,
'खाली जायचे.
वर यायचे कुणी देत नव्हतं.'

लहानपणी माझे कान टोचले,
आणि काडी पडली तर भोक आपणच मिटलं, पुन्हा टोचावं लागलं.
जमिनीचं तसं नसतं.
कान सोनारानेच टोचावेत म्हणतात,
बुजवावेत कुणी
ते कुठे सांगितलेलं नाही.

बेंटोनाइटची माती घाई केली की मध्येच अडकते,
घशात कोरडा घास बसावा तशी,
वरून भरल्यासारखं दिसतं आणि खाली पोकळी.
म्हणून ओंजळी-ओंजळीने.
पाण्यात पडली की ती साबुदाण्यासारखी फुगते
आणि मग हलत नाही.
दर पोत्यानंतर मी फीत सोडायची, आकडा सांगायचा.
एकोणतीनशे. दोनशे ऐंशी.
बावीस पोती संपली. उरलेली जिलेटहून आणेपर्यंत
उजेड गेला.
रात्रभर भोकावर लोखंडी झाकण, झाकणावर दगड.

दुसऱ्या दिवशी आर्डिस आली, घोड्यावरून नाही, जुन्या जीपमधून.
पाणी कधी येईल, तिने विचारलं.
सांगता येत नाही, मी म्हटलं, आणि ते खरंच होतं.
मग ती भोकाकडे बघत म्हणाली,
'कुणी पाडलं हे?'
नाव माझ्या हातातल्या कागदावर होतं.
मी घडी घालायला लागले.
'मी,' व्हर्लिन म्हणाला.

वारा होता. बराच वेळ फक्त वारा होता.
दूर तीन हरणं चरायची थांबली.
'मग नीट बुजव,' ती म्हणाली
आणि जीपच्या बॉनेटला टेकून उभी राहिली,
शेवटच्या पोत्यापर्यंत.

वरचे तीन फूट मातीचे.
आधी पिवळी, मग काळी,
जशी निघाली त्याच्या उलट.
पितळी बिल्ला खाली पुरला, नांगराला लागू नये इतका खोल.
सेजचं बी खसखशीएवढं, ते बर्फाआधी वर नुसतं शिंपडायचं,
झाकायचं नाही.
गुडघ्याएवढं व्हायला दहा वर्षं लागतात, मी सांगून टाकलं.
व्हर्लिनने मान हलवली, हिशेब केला नाही.

फॉर्मवर तोच शब्द, त्याच रकान्यात.
मी पेन पुढे केलं.
त्याने हात पँटला पुसले,
पेन घेतलं नाही.
काठी बाजूला टाकून
एका गुडघ्यावर टेकला
आणि ओल्या मातीला कान लावून
ऐकत राहिला.