सोमवारी भोजनालय बंद

सोमवारी आमची भट्टी थंड असते.
गोळीबार चौकात शटर खाली,
पातेली पालथी,
आणि पराते येझदीला किक मारतात,
पाचदा, सहाव्यांदा शिवी, सातव्यांदा ती ऐकते.
मी मागे बसते पदर खोचून,
मांडीवर पिशवी, पिशवीत दोन चमचे, इनोच्या पुड्या.
माझं काम एकच : वास घेणं.

दोन वर्षं झाली. तापातून माणूस उठला,
नाक तिथंच राह्यलं दवाखान्यात,
जशी कोणाची चप्पल राहते.
अंधारात दगडफूल न् बाद्यान
वेगळं काढणारा हा माणूस,
आता म्हणतो, तिखट डसते जिभेले,
पण कोण डसलं ते कळत नाही.

गिऱ्हाइकांना ठाऊक नाही.
रस्सा मी चाखते फडताळामागून
आणि बोटांनी सांगते :
एक बोट, मीठ घाला.
दोन बोटं, खोबरं अजून भाजा.
मूठ, उतरवा.
"परातेभाऊ, हात तोच आहे बरं तुमचा!"
ते हाताकडे पाहतात,
कोणी ठेवायला दिल्यासारखं.

डॉक्टर म्हणाला, बाटल्या आणा,
लवंगेची, लिंबाची, रोज सकाळी हुंगा.
"बाटल्या हुंगत बसू का?
त्यापेक्षा गाडी काढतो."

रामटेकच्या पायथ्याशी एक बाई
उलट्या मडक्यावर लांब रोट्या टाकत होती,
सैल कणीक मनगटापासून कोपरापर्यंत झुलवत.
मी सांगितलं, तापल्या मातीचा वास आहे,
वरून थोडा धुराचा.
"बरं," म्हणाले,
दूरच्या गावची मयत ऐकावी तसं.

काटोलच्या बागेत संत्र्याचं साल
नाकाशी धरून पिळलं, ते डोळ्यात गेलं.
पाणी पुसायच्या आधी
बोटावर घेऊन चाटलं त्यांनी.

पवनीला, नदीकाठी, वाळल्या झिंग्यांची पोती.
मी नाकाला पदर लावला.
"पाय, मले एक तरी फायदा झाला!"
त्या दिवशी हसलो आम्ही,
नंतर उमरेडपर्यंत कोणी बोललं नाही.

आणि भिवापूरला मिरचीच्या सातऱ्यावर
लाल उन्हात देठ खुडणाऱ्या बायांमध्ये
दोघंही शिंकलो, मी अकरा, ते चौदा.
तेवढ्यापुरते आम्ही सारखे होतो.

परतीला, उमरेड सोडल्यावर,
कोळशाच्या ट्रकांमागे रांग,
अर्ध्या क्लचवर गाडी रांगत होती.
एकदम ब्रेक.
"काहीतरी जळून राह्यलं बे!"
लग्नाला सव्वीस वर्षं, मला बे म्हणाले नव्हते कधी.
मला कसलाच वास नव्हता,
माझ्या नाकात अजून भिवापूरच.

खाली गुडघे टेकले. इंजिनाशी नाक.
"रबर नाही. जुनं तेल आहे.
थांब... त्याच्याखाली खोबरं,
जास्त झालेलं खोबरं."
ट्रकवाल्या पोरानं काच खाली केली,
"काय झालं काका?"
"क्लच प्लेट जळली!" असं ओरडले
की पोरगं पेढा मिळेल म्हणून थांबल्यासारखं थांबलं.

पाचगावपर्यंत ढकलत नेली.
पुढे ते, मागे कॅरियरला धरून मी,
चप्पल हातात.
टपरीवर चहा हुंगला : काही नाही.
गरम भजं हुंगलं : काही नाही.
मग शर्टाची बाही हुंगली, जिथं ग्रीस लागलं होतं,
आणि चहा निवेपर्यंत
तिथंच नाक ठेवून बसले.
मेकॅनिक म्हणाला, नवीन टाकून देऊ का?
"जुनी मले दे. कागदात बांध."

मंगळवारी कढईत खोबरं होतं.
गल्ल्याच्या कोपऱ्यात कागदाची पुडी.
दोन बोटांची वेळ झाली, मी दाखवली.
मुठीची वेळ झाली.
ते कढईवर वाकले होते, माझ्याकडे बघत नव्हते.
मी हात पदराखाली घेतला
आणि खोबरं करपू दिलं.