शंभराला एक

आमच्या पॅटर्न-शॉपमधली फूटपट्टी खोटी असायची.
म्हणजे खरीच, पण मुद्दाम लांब केलेली,
शंभराला एक जास्त.
ओतलेलं बीड निवताना आकसतं,
म्हणून लाकूड आधीच तेवढं मोठं कापायचं.
उद्यमबागेत लागलो त्या दिवशी
मालकांनी ती हातात दिली, म्हणाले,
घरी नेऊ नको, दाराची चौकट चुकेल.

मालक म्हणजे गुंडोपंत मोदगेकर.
एक शेड, एक क्युपोला
आणि दहा-सातचा काँक्रीट मिक्सर.
ड्रमच्या दातेरी कड्यावर पाच अक्षरं, मो द गे क र,
सागवानात मी कोरलेली, बोटभर उंच.

ईरण्णा मोल्डर यरगट्टीचा, घरात कन्नड.
देवनागरी त्याला येत नव्हती.
पण वाळूत नाव उलटं उमटतं,
ते तो रोज बघायचा.
मालकांच्या लेकीची लग्नपत्रिका आली
तेव्हा न्हाव्याच्या आरशापुढं धरून
त्यानं तेवढं एकच नाव घडाघडा वाचलं
आणि म्हणाला, नम्म कंपनी.

पुढचं सगळं कागदावर झालं.
दोघे भाऊ वेगळे निघाले. थोरल्याला मिक्सर,
धाकट्याला माल चढवायची लिफ्ट आणि काकतीची जागा.
मग पुण्याचे आले, एकावन्न टक्के.
त्यांनी कँटीनचा चहा फुकट केला
आणि ओव्हरटाइम बंद.
मग पुणेवाल्यांनाच कुणी तरी घेतलं.
कोण, ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही,
ऑफिसच्या भिंतीवर घड्याळं मात्र दोन झाली,
एक आपलं, एक तिकडचं,
आणि तिकडं कायम जेवणाची सुट्टी.

गेटवरची पाटी चारदा बदलली.
वर कन्नड, खाली इंग्रजी,
मराठी होती तिथं चार स्क्रूची भोकं.
कुंभारमाशीनं त्यात घर केलं.
पाटी गेली ते लागलं, नाही कसं म्हणू,
पण भोकं बुजवली नाहीत ते जास्त लागलं.
कामात एवढी कसर आमच्या वेळी चालत नव्हती.

दोनशे बारा होतो, एकसष्ट उरलो.
बीड कोइमतूरहून तयार येऊ लागलं.
क्युपोला भंगारवाल्यानं किलोवर नेला.
ईरण्णा हिशेब घेऊन निघाला,
जाताना वाळूच्या ढिगात बोट खुपसलं,
म्हणाला, ओल बरोबर आहे,
आणि बोट पँटला पुसलं.
पॅटर्न जाळायला काढले तेव्हा
अक्षरं मी जेवणाच्या डब्यातून
अनगोळला घरी आणली.

परवा दारात गाडी थांबली.
एक पोरगी उतरली, ब्रँड बघणारी, हिंदीत बोलणारी.
म्हणाली, गवंडी अजून मोदगेकरच मागतात,
गोव्यात, हुबळीत, सावंतवाडीकडं,
नवं नाव त्यांच्या तोंडात बसत नाही.
शिवाय कुणीतरी बोगस मोदगेकर काढलाय, खपतोय पण.
तर जुनं नाव परत आणायचं ठरलंय वरती.
अक्षरं तुमच्याकडं आहेत म्हणे?

डबा उघडला. मो, द, क, र.
गे नाही.
घर पालथं घातलं. शेवटी सुनेनं
शिलाई मशीन उचललं,
डुगडुगणाऱ्या पायाखाली होता,
मात्रा उडालेली, नुसता ग.

ती म्हणाली, फोटो द्या अंकल, कॉम्प्युटरवर होऊन जाईल.
म्हटलं, थांब की जरा, चहा तरी घे.
सागाचा तुकडा काढला, पट्टी काढली,
हो, ती मी शेवटी घरी आणलीच होती.
ती विचारते, हे थोडं मोठं नाही का होत?
म्हटलं, निवल्यावर बरोबर होईल.

मात्रेपाशी हात थांबला.
किती झुकवली होती मी तेव्हा?
ईरण्णाला फोन लावला.
आठवते का रे, मात्रा कुठल्या अंगाला?
पलीकडं बस हॉर्न देत होती.
थोडा वेळ तो बोललाच नाही,
मग म्हणाला,
कुणाची? तुझी का माझी?