पायाळू

मी पायाळू. आधी पाय आले, मग मी.
म्हणून रहिमतपुरात, पाचव्या वर्षापासून,
उसण भरलेली माणसं आमच्या ओट्यावर पालथी पडायची
आणि मी त्यांच्या कमरेला तीनदा लाथ मारायची,
हलकेच.
फी : एक पेरू.

हे मी टॉडमॉर्डनमध्ये सांगितलं,
एका मंगळवारी, टेकडी धावून आल्यावर,
चहा निवत होता तेवढ्यात, निव्वळ गंमत म्हणून.
तर कॉलिन ग्रीनवुड, वय एकसष्ट, निवृत्त पोस्टमन,
क्लबच्या फरशीवर पालथाच पडला :
मार.
मारली.
उठला, वाकला, बुटाची नाडी बांधली,
आणि माझं दुकान सुरू झालं.

तसे तिथे सगळेच वैद्य.
टाच एकाची, निदान दुसऱ्याचं.
कुणी म्हणे गुडघ्याला गोठलेल्या वाटाण्यांची पिशवी बांध,
कुणी म्हणे पायरीच्या कडेवर उभा राहा, टाचा खाली सोड, रोज नव्वद वेळा,
एक जण शेतावरून घोड्याचं मलम आणायचा.
बरं वाटायचं. दुखणाऱ्याला वाटायचंच,
सांगणाऱ्याला अंमळ जास्त.

मग ब्रेंडा हॉल्डस्वर्थची पोटरी.
डावी. कढत. मोज्याचा वळ उमटलेला.
रविवारीच परतली होती ऑस्ट्रेलियाहून, लेकीकडून,
हे तिने सांगितलंही.
आम्ही तिथल्या हवेची चौकशी केली.
नस चढलीय, मी म्हणाले. चोळली की उतरेल.
इंग्रजीत नस चढत नाही,
तरी मी ती चढवली,
आणि स्वतःच्या हातांनी चोळून दिली.

शुक्रवारी अ‍ॅम्ब्युलन्स हॅलिफॅक्सला गेली.
गुठळी पोटरीतून निघून फुप्फुसात पोचली होती,
आमच्यातल्या कुणाहीपेक्षा वेगाने.

वाचली.

सेक्रेटरीने दारावर कागद लावला :
दुखापतींविषयी येथे बोलू नये. डॉक्टरांना विचारावे.
चार कोपऱ्यांना चार टाचण्या.
चूक काय त्यात? काहीच नाही.
खाली सह्या करायच्या होत्या, पहिली माझी.

तेव्हापासूनचे मंगळवार शांत.
माणसं लंगडत येतात, पावसाविषयी बोलतात.
कॉलिन नाडी बांधायला पाय बाकावर घेतो,
ते मला दिसतं, आणि मी चहात बघते.
डॉक्टरची वेळ तीन आठवड्यांनंतरची मिळते,
तोवर दुखणं कुठे ठेवायचं
हे कागदावर नाही.
आणि रात्री हेही येतं मनात, की कागद तेव्हा असता
तर मी चोळली नसती,
पण ब्रेंडानेही मोजा खाली केला नसता.
गुठळी काय, गप्प बसलेल्या पायातूनही चालते.

परवा पार्किंगमध्ये कीरन, सतरा वर्षांचा,
नडगी धरून : सांगू नका कुणाला,
रात्रीसुद्धा ठणकते.
माझ्या जिभेवर वाटाणे आले, पायरी आली, घोडा आला.
गिळले सगळे.
कधीपासून? बोटाने दाखव. याच एका जागी?
आईला ठाऊक आहे?
मला माहीत नाही हे काय आहे, म्हणाले.
ओट्यावर हे वाक्य मी एकदाही वापरलं नव्हतं.
मग गाडीत बसून एकशे अकरा लावला,
आणि त्यांचं ते संगीत
दोघांनी चाळीस मिनिटं ऐकलं.

आता ब्रेंडा धावत नाही. घड्याळ घेऊन उभी राहते,
आमचे आकडे ओरडते.
काल वाकली आणि तशीच राहिली, कमरेत उसण.
दाराकडे बघितलं, कागदाकडे,
मग माझ्याकडे. डोळ्यांत तीच जुनी गंमत.
मार ना एक.

माझा उजवा पाय केव्हा उचलला गेला
मला कळलंही नाही.
रक्त पातळ करायच्या गोळ्या
चालू आहेत का गं अजून?
मी विचारलं,
पाय हवेतच.