वळण

ताक्वारेंबोत जीन शिवणारे आता तिघंच उरले.
त्यातला एक मी, आणि मीही
गेली एकोणीस वर्षं जीन कमी, होल्स्टर जास्त शिवतो.
घोडे सरले. पिस्तुलाला असतो
तेवढा एक घोडा उरला.

फळीवर माझी पिस्तुलं ओळीने निजलेली असतात,
निळ्या प्लास्टिकची, भरीव, नळीला भोक नसलेली.
चौकोनी नाकाचं, ते महामार्गाच्या पोलिसांचं.
हे बंदरावरच्यांचं; खाऱ्या हवेत टाके कुजतात,
त्यांच्यासाठी दोरा मेणात दोनदा बुडवायचा.
तुरुंगाच्या पहारेकऱ्यांना जुनंच रिव्हॉल्वर, पोट सुटलेलं.
आणि जिल्ह्याच्या पोलिसांनी या हिवाळ्यात हत्यार बदललं
तेव्हा त्यांचा साचा एका दिवसात म्हातारा झाला.
तो मी दाराला अडसर म्हणून लावतो.

खरं पिस्तूल मी हातात धरलेलं नाही.
गिऱ्हाईक टेबलावर काढून ठेवू लागलं की म्हणतो,
राहू द्या, माप आहे माझ्याकडे,
मापात पाप नाही.

काम सोपं आहे. कातडं कोमट पाण्यात,
बुडबुडे थांबेपर्यंत.
मग साच्यावर ओढायचं, आणि हाडाच्या पट्टीने
चापाची कड, दस्त्याचा उतार
दाबत दाबत शिकवायचा.
ओलं कातडं लहान पोरासारखं,
जे दाखवाल ते खरं मानतं.
दोन दिवस सावलीत. मग वळण लागतं,
आणि लागलं की लागलं.

मार्चमध्ये नीदिया ओलासाबाल आली.
काखेत थर्मास, हातात येर्बाचा तुंबा,
कापडी पिशवीत माझंच होल्स्टर.
टाके मी ओळखले; सातव्या टाक्याला माझा हात नेहमी हलतो.

"पिस्तूल त्यांनी नेलं," ती म्हणाली. "मातीच्या दुसऱ्याच दिवशी.
दोघे आले, नंबर वाचला, वहीत सही घेतली,
गोळ्या मोजल्या. पंधरा. पंधराच होत्या.
एल्बियोने सव्वीस वर्षांत एकही झाडली नाही."
मी विचारलं नव्हतं.

होल्स्टर त्यांनी नेलं नाही. ते सरकारी नव्हतं,
त्याने पगारातून घेतलेलं, दोन हप्त्यांत.
दुसऱ्यातले थोडे राहिलेत. ते मी बोललो नाही.

"खुंटीवर असतं," ती म्हणाली,
"रिकामं. पण रिकामं दिसतच नाही.
धाकटा त्यात हात घालतो आणि त्याचा हात
आपोआप तसा होतो."
कसा, ते तिने हवेत दाखवलं. पटकन बोटं सोडवली.
"याचं वळण काढून द्या."

फेकून का देत नाही, असं म्हणता आलं असतं.
मी आतून बोट फिरवलं. काचेसारखं गुळगुळीत.
लोखंड रोज आत-बाहेर झाल्याशिवाय एवढं होत नाही.
काढलं जात होतं तर. आरशासमोर असेल.
पहाटे ड्युटीवरून आल्यावर, कपाटात ठेवायला असेल.
किती वेळा, ते कातडं सांगतं.
कशासाठी, ते सांगत नाही.

रात्रभर पाण्यात ठेवलं. अकरा वर्षांचा घाम
पिवळा तवंग होऊन वर आला.
सकाळी आत वाळू भरली. वाळू पिस्तूल झाली.
चिंध्या कोंबल्या. त्याही दस्त्याकडे कलल्या.
शेवटी टाके उसवले, सातव्यापासून,
कातडं उलगडून फळीवर खिळ्यांनी ताणलं,
वर एक जुनं जीन ठेवलं, घोड्याशिवायचं,
आणि तीन दिवस तिकडे पाहिलं नाही.

आता ते सपाट आहे. हाताला सपाट.
पण दुपार कलली, खिडकीतून ऊन तिरपं आलं
की मधोमध एक सावली फुगते,
दाराशी पडलेल्या त्या निळ्या साच्याएवढी.

नीदियाला निरोप धाडलाय, तीनदा. अजून आली नाही.
ऊन कलायच्या आत मी दिवा लावतो,
बरोब्बर वरून, सरळ.
म्हणजे दिसत नाही.