घराच्या जागी एक लाट

सोहारच्या बंदरामागे, शेड नंबर अकरा.
बाहेर त्रेचाळीस, आत एसीखाली बादली,
आणि समोर कंपनीचा लॅपटॉप
ज्याच्या ‘एस’वरचं अक्षर
माझ्या बोटांनी पुसलेलं नाही.

परकार, साहेब म्हणाले, गुरुवारपर्यंत
सगळी बिलं क्लाउडवर चढव.
अवघड काही नाही, पानावर सगळं लिहिलंय.

लिहिलंय खरं.
पहिली ओळ: नेहमीप्रमाणे टर्मिनल उघडा.
नेहमीप्रमाणे!
बाणकोटला वाट विचारली की असंच सांगायचे,
जिथं पूर्वी हुसेनमियाचं दुकान होतं ना,
तिथनं वळ.
आता ज्याला ते दुकान आठवतंय
तो वाट कशाला विचारेल?

पानावरच्या चित्रातल्या खिडकीला
डाव्या कोपऱ्यात तीन ठिपके, लाल पिवळा हिरवा.
माझ्या खिडकीला उजवीकडे नुसती फुली.
मी दुसरी ओळ जशीच्या तशी टाइप केली.
यंत्र म्हणालं, ही आज्ञा ओळखीची नाही.
तिसरीही नव्हती.

वर तीन दारं होती.
मॅक, आत भरलेला संसार.
लिनक्स, तिथंही चूल पेटलेली.
विंडोजचं दार ढकललं तर आत एकच वाक्य,
‘हा भाग लवकरच येत आहे’,
आणि खाली चार वर्षांपूर्वीची तारीख.

त्यांची तिरकी रेघ पुढं झुकते /
ओझं उचलून निघालेल्या माणसासारखी.
माझी मागं \
रापणीचा दोर ओढणाऱ्यासारखी.
एवढ्याशा कलानं
सबंध रस्ता चुकतो.

घर तर ते एका लाटेनं दाखवतात: ~
एवढं लिहिलं की पोचलात.
माझ्याकडे घराला पूर्ण पत्ता लागतो,
सी, मग रेघ, यूजर्स, मग रेघ, बिजू.
बिजू तीन वर्षांपूर्वी कोल्लमला परत गेला.
नाव बदललं तर काहीतरी मोडेल, आयटीवाला म्हणाला,
राहू दे.
म्हणून रोज सकाळी मी बिजूच्या घरात शिरतो,
त्याच्या फडताळात माझी बिलं ठेवतो.

गृहीत या शब्दात गृह आहे.
व्युत्पत्ती तशी नसेलही,
पण रात्री साडेअकराला शेडमध्ये
कोण तपासायला येतंय?
ज्याचं घर त्यांना माहीत आहे
त्यालाच ते गृहीत धरतात.

मग चावी. चावीला चारशे द्या, पान सांगतं,
म्हणजे फक्त मालकाला वाचता येईल.
माझ्याकडे चारशे देता येत नाहीत.
उजवं बटण, गुणधर्म, सुरक्षा, प्रगत,
वारसा बंद करा,
एकेकाचं नाव काढत जा.
मालक या रकान्यात कोण?
बिजू.
मी तिथं आहे, पण ‘इतर’मध्ये.

दीड वाजता पहिलं बिल चढलं.
टाळी वाजवायला शेडमध्ये कुणी नव्हतं,
मी थर्मासमधली उरलेली सुलेमानी संपवली
आणि एक नवं पान उघडलं.
माझ्यानंतर या खुर्चीत जो येईल त्याच्यासाठी.
सगळं लिहिलं, एकही पायरी न गाळता.
‘नेहमीप्रमाणे’ कुठंही नाही, दोनदा तपासलं.

सकाळी मौझा आली, बिलिंगची, इथलीच, लिवाची.
म्हटलं, करून बघ.
तिनं पहिली ओळ वाचली,
खाली डाव्या कोपऱ्यातलं बटण दाबा,
आणि स्क्रीन माझ्याकडे वळवला.
तिचं यंत्र अरबीत.
बटण उजव्या कोपऱ्यात,
यादी उजवीकडून उघडणारी,
फुली डावीकडे.
हसली नाही, रागावलीही नाही.
परकार, हे तुझ्यासाठी लिहिलंयस, म्हणाली.

‘डाव्या’ खोडलं.
तिथं काय लिहावं
ते बराच वेळ सुचेना.
बादली काठोकाठ भरली होती,
ती आधी ओतून आलो.